सासऱ्यांनी नापास केलेले मशीन

उलट प्रश्न न विचारता उत्तर देणाऱ्या माणसावर माझ्या सासऱ्यांनी उभ्या आयुष्यात विश्वास ठेवला नाही. अकोटचा जो डॉक्टर काय खाल्ले, कुठे गेला होतात हे न विचारता गोळ्या लिहून देतो, त्याला ते कंपाउंडर म्हणतात. एका रसवंतीवाल्याने न विचारता बर्फ टाकला, तर उभ्या उभ्या त्याचे पंधरा मिनिटे बौद्धिक घेतले. मी मुलगी बघायला गेलो तेव्हा पगाराबद्दल चकार शब्द नाही, "झोपेत घोरता काय?" एवढेच विचारले. मी खरे सांगितले, म्हणून लग्न जमले.

अशा माणसापुढे मी माझे मशीन ठेवले. शेतकऱ्यांना फोनवर बोलून सल्ला देणारी कृत्रिम बुद्धिमत्ता आम्ही अमरावतीच्या ऑफिसात दोन वर्षे घडवत होतो. साहेबांची अट होती की एखाद्या मुरलेल्या शेतकऱ्याने पास केले तरच ते गावोगाव जाईल, नाही तर गाशा गुंडाळायचा. सासऱ्यांनी घसा खाकरून फोनला विचारले, "कपाशीचे पानं लाल पडून राह्यले, काय करू?" मशीनने तत्काळ दोन फवारण्या सांगितल्या. मी कौतुकाच्या आशेने त्यांच्याकडे पाहू लागलो.

"जवाईबुवा, हे बोलते तं बेस, पण आयकत नाही. माह्या वावरात पाणी साचून हाये. यानं मले इचारलं काहून नाही?"

मशीन नापास झाले. मग आठ दिवस त्यांनी मला ओसरीवर बसवून येणाऱ्याजाणाऱ्या शेतकऱ्यांचे ऐकायला लावले. मी मध्येच सल्ला दिला की चहा बंद. त्या आठ दिवसांवरून आम्ही मशीन सुधारले. आधी जमीन, पाणी, पेरा विचारायचा आणि उमगले नाही तर "मले मालूम नाही, कृषी सहायकाले वावर दाखवा" असे सरळ सांगायचे. "आता हे माणसात आलं," म्हणत त्यांनी ते पास केले.

पुढच्या वर्षी सासूबाई गेल्या. सासऱ्यांनी वावर दुसऱ्याला ठोक्याने कसायला दिले. परवा अकोटला गेलो, तर स्वारी फोनवर मशीनला पेरा, पाणी, कपाशीची उंची सगळे तब्येतीत सांगत होती.

"मामाजी, वावर तर आपण देऊन टाकले ना?"

ते जरा ओशाळले. "देल्लं ना. पण ते इचारते बाप्पा. घरात आता मले कोन इचारते?"

मशीनचा अभिमान वाटायला हवा होता, मला माझीच लाज वाटली. आता रोज संध्याकाळी मी त्यांना फोन करून जेवलात का म्हणून विचारतो. उत्तर संपायला अर्धा तास लागतो.