माधव गुरुजींची खुर्ची

आमचे हे, म्हणजे माधव गुरुजी, जन्मभर पाटावर मांडी घालून बसले आणि नगरातल्या कितीतरी घरांच्या पूजा त्यांनी सांगितल्या. साठी उलटली तसे गुडघे धरायला लागले. पूजा संपली की यजमानांनी दोन्ही बाजूंनी धरून उठवायचं. मग हळूहळू बोलावणी आटली. लोक तोंडावर काही बोलत नाहीत, नुसते फोन करायचे थांबतात.

मी कानीकपाळी ओरडत होते, दाखवा कुणालातरी. ऐकतील तर शपथ. पण आमच्या अनिमेषनं सावेडीत फ्लॅट घेतला आणि हे आपणहून उठले. "पोराची वास्तुशांत मीच सांगणार," म्हणाले. तेवढ्यासाठी फिजिओथेरपीला गेले, बायकोच्या सांगण्यावरून नाही.

तिथे रुचा नावाची मुलगी होती. तिनं आधीच स्पष्ट सांगितलं, "काका, झिजलेला गुडघा नवा होणार नाही. पण वरचे स्नायू बळकट झाले की त्याच्यावरचा भार हलका होईल, दुखणं उतरेल. जमिनीवर बसणं मात्र बंद." यांचं तोंड एवढंसं झालं. मग तिनंच तोड काढली, की देव टेबलावर मांडा आणि तुम्ही खुर्चीवर बसा. "देवाच्या बरोबरीनं बसू?" म्हणून हे दोन दिवस माझ्याशी भांडले. भांडायचं तिच्याशी, पण ती गोड बोलायची ना. शेवटी कबूल झाले.

आणि काय सांगू, एरवी हातानं पाणी न घेणारा हा माणूस रोज सकाळी गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून दाबायचा, पाय ताठ करून उचलून धरायचा, तोंडानं वास्तुशांतीचे मंत्र चालूच. थंडी सरता सरता न थांबता जिना चढायला लागले. टेबलही स्वतः जाऊन आणलं, खुर्चीपेक्षा चांगलं उंच.

वास्तुशांतीच्या आठवडाभर आधी अनिमेष आला. म्हणाला, "बाबा, मी दुसरे गुरुजी ठरवलेत. सासरची मंडळी येणार, खुर्चीवरून पूजा सांगितलेली बरी दिसत नाही. तुम्ही आता आराम करा." आवाज चढवला नाही, की उर्मटपणा नाही. त्याचाच मला जास्त राग आला. मी तोंड उघडणार तेवढ्यात हे म्हणाले, "बरं केलंस."

वास्तुशांतीच्या दिवशी यांना सोफ्यावर बसवलं, हातात सरबत देऊन. तो तरुण गुरुजी भराभर उरकत होता. यांचे ओठ सुरुवातीला त्याच्याबरोबर हलत होते, मग थांबले. मला तिथं बसवेना.

परवा रुचाचा फोन आला. व्यायामाला का येत नाही, विचारत होती. "गुडघा दुखत नाही गं आता," हे म्हणाले. "कुणाचं बोलावणं आलं की परत सुरू करीन."

पोटच्या पोरानं नको म्हटल्यावर आता कुणाचं बोलावणं येणार आहे यांना.