पाचटाचं रान

ऊस तुटून गेला की रानात पाचट उरतं, वाळक्या पात्यांचा गुडघाभर थर. आमच्या प्रवरेकाठी ते पेटवून द्यायचं, तुटल्या बुडख्यांतून पुढचा ऊस, खोडवा, फुटायला रान मोकळं करायचं, ही रीत. लग्न होऊन आले आणि हे काम मी सासऱ्यांकडून हट्टानं मागून घेतलं. नवी साडी नेसून, हातात पेटतं पाचट धरून बांधाबांधानं मिरवायची. काय तो तोरा! एकदा भुवया जळाल्या, तर महिनाभर काजळानं रंगवून फिरले आणि विचारणाऱ्याला सांगितलं, आमच्या माहेरी अशाच असतात. दुसऱ्या दिवशी काळंभोर सपाट रान बघून वाटायचं, केवढं काम केलं आपण. काम आगीनं केलेलं असायचं.

ऊसतोडीच्या टोळीत पाथर्डीकडची एक बाई तेव्हापासून येते. माझ्याच वयाची. शेवटची मोळी बांधून झाली की आगपेटी तीच आणून माझ्या हातात द्यायची आणि माझा तोरा बघत हसत उभी राहायची. फडापुरती मैत्री, पण जुनी.

माझा थोरला मुलगा चाकणची नोकरी सोडून आला तो पाचट न जाळायचं डोक्यात घेऊनच. एका कंपनीचा माणूस घरी आला. त्यानं सांगितलं, जाळलं की सगळं धूर होऊन हवेत जातं, हवा तापते. बारीक कुट्टी करून रानातच कुजवलं तर बरंचसं मातीत राहतं. न जाळणाऱ्याला कंपनी पैसे देणार, पण तीन हंगाम सलग सांभाळले तरच. आणि लबाडी चालायची नाही, वरून उपग्रह फोटो काढतो. मी म्हणाले, "मग माझे तरुणपणीचेबी निघाले असतील. भुवया दिसतात का बघा." तो बिचारा हसला नाही.

पैशाचं पुढचं पुढे, पण रान खरंच बदललं. पाण्याची पाळी लांबली, खत कमी लागायला लागलं, खुरपताना गांडुळं दिसायला लागली. थोरल्यानं ठरवलं होतं, तिसरा हंगाम पार पडला तर सूनबाईला आणि नातवाला चाकणहून इकडं आणायचं, उरलेलं रानही असंच करायचं. नाहीतर त्यानंच चाकणला परत जायचं. दोन घरांचा खर्च त्याला झेपत नव्हता.

यंदाचा तिसरा. टोळीचा शेवटचा दिवस, म्हणून मी सगळ्यांना लापशी केली. थोरला कुट्टीचं यंत्र आणायला श्रीरामपूरला गेला होता. काडी लावायची नाही, हे त्यानं मुकादमाला बजावलं होतं; पण मुकादम भरलेल्या ट्रॅक्टरबरोबर कारखान्यावर गेला. ती बाई मागची दोन वर्षं गुडघ्यामुळं आली नव्हती. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं, आणि मी लापशी वाढताना तिच्याशी नातवंडांच्या गोष्टी बोलत बसले.

भांडी घासताना धूर दिसला. मी गेले तोवर अर्धं रान पेटलं होतं, उरलेलं आमच्या डोळ्यांदेखत गेलं. थोरला यंत्र घेऊन आला, ट्रॅक्टर बंद केला, खाली उतरला. आम्ही दोघं बांधावर उभे राहिलो. मला वाटलं, आता रडू येईल. आलं नाही. मी उगाच भुवयांवरून हात फिरवला. होत्या जागेवर.

संध्याकाळी ती बाई बैलांसाठी उसाची वाढी, हिरवे शेंडे, न्यायला आली. "मालकीनबाई, म्हनलं आता तुमच्यानं बांधावरनं पळवायचं न्हाई. मीच काडी लावली. लापशी खाल्ली तुमची, माझं बी कायतरी नको का?" मग रानाकडं बघून तिनं विचारलं, "साफ झालं न्हवं?"

मी थोरल्याकडं पाहिलं. तो यंत्राची पाती बघत होता. ती नवीकोरी होती.

"व्हय," मी म्हणाले. "लई साफ झालं."

तिच्या चेहऱ्यावर ते जुनं हसू आलं. थोरल्यानं पुढं होऊन वाढ्यांचा भारा तिच्या डोक्यावर चढवून दिला आणि म्हणाला, "सावकाश जा, मावशी."

ती गेल्यावर त्यानं कंपनीच्या माणसाला स्वतःच फोन केला. फोटोची वाट कशाला बघायची, म्हणाला. मग चाकणला फोन केला. जेवायला बसलो तेव्हा उरलेली लापशी त्यानं मागून घेतली.

सकाळी त्याला बसपर्यंत सोडायला निघाले. वाट रानाच्या मधूनच जाते. पाय भाजतील म्हणून मी चपला घातल्या होत्या. राख केव्हाच गार झाली होती.