पवनेच्या अंगाला, मुक्या माजाच्या शोधात

माझा भाचा वसंता जनावरांचा डॉक्टर. पौषातल्या एका सकाळी तो दारात उभा राहून म्हणाला, "मामा, मावळात म्हशी तपासायला चाललोय. चार दिवस. येताय?"

खरं सांगायचं तर मला त्यातल्या म्हशी ऐकूच आल्या नाहीत, मावळ तेवढं ऐकू आलं. चाळीस वर्षं मी पुण्याच्या शाळेत मुलांकडून कविता म्हणवून घेतल्या. दऱ्या, निर्झर, धुक्यात बुडालेली शिखरं, सगळं वृत्तात बसवून शिकवलं आणि पाहिलं मात्र पर्वतीवरून दिसतं तेवढंच. मी म्हटलं, "अर्धा तास दे, पिशवी भरतो." दहा मिनिटांत भरली.

ज्यांना जायचं असेल त्यांच्यासाठी आधी कामाचं सांगतो. सकाळची पॅसेंजर धरावी. तिसऱ्या वर्गाचं कामशेतचं तिकीट आठ-नऊ आण्यांत येतं. लढाई चालू असल्यानं देहूरोडला गाडी खाकी कपड्यांनी आणि लाकडी पेट्यांनी भरून जाते, तेव्हा खिडकी आधीच पटकावावी. घोंगडी हवीच.

गाडीत वसंतानं मला ह्या फेरीचं खरं कारण सांगितलं. गाय माजावर आली की हंबरते, धावते, साऱ्या आळीला कळतं. म्हैस पुष्कळदा गप्पच राहते. शेतकरी त्याला मुका माज म्हणतात. तो कळला नाही की रेड्याकडे न्यायची वेळ टळते, म्हैस गाभण राहत नाही, दूध आटतं आणि भाकड म्हणून तिचा बाजार होतो.

"अंगातल्या इवल्या इवल्या ग्रंथी रक्तात एक रस सोडतात, मामा. हार्मोन म्हणतात त्याला. वेळ झाली हे जनावराला तोच सांगतो. आता तो प्रयोगशाळेत करता येतो." त्यानं मांडीवरचा पत्र्याचा डबा उघडला. आत कापसात काचेच्या सहा कुप्या. "बाहेरून माल येणं बंद आहे. ह्या सहाच मिळाल्या. सहा मुक्या म्हशी माजावर आल्या, तर वरचे लोक मोठा प्रयोग करू देतील."

"धोका काही?"

"एकच. गाभण म्हशीला चुकून टोचलं तर गाभडेल, पोटातलं पडेल. म्हणून माझा नियम ठरलेला, आधी हात, मग सुई."

त्याचे डोळे असे चमकत होते की मलाही उकळ्या फुटू लागल्या. मी म्हटलं, "आमच्या कवितांत गाई डझनानं आहेत रे, म्हैस मात्र एकही नाही."

"म्हणूनच ती बोलत नसेल," वसंता म्हणाला.

कामशेतला उतरलं की नव्या भाताचा वास येतो. स्टेशनाबाहेर पोत्यांनी लादलेल्या गाड्या आणि एक खाणावळ. पिठलं, तांदळाची भाकरी, ठेचा. पोटभर जेवण, चार आणे. पुढे पवनेच्या अंगाला जायला इमामभाईंची बैलगाडी ठरवली. जाऊन-येऊन दोन रुपये, बैलांची वैरण त्यांचीच.

खिंडीच्या माथ्यावर गाडी आली आणि खाली पवनेचं खोरं उघडलं. कापलेली खाचरं, मधून नदीची वळणं, पलीकडे निळे डोंगर. मला राहवेना. उभा राहून खड्या आवाजात शार्दूलविक्रीडित सुरू केलं.

इमामभाई मागे वळून म्हणाले, "गुरुजी, खाली बसून म्हना. बैल बुजत्यात."

खालच्या गावात मुक्काम मारुतीच्या देवळात झाला. सकाळी थंडी अशी की बोटं वळेनात, पण वसंता उजाडताच कामाला लागला. कढत पाणी, साबण, मग खांद्यापर्यंत हात म्हशीच्या आत घालून गर्भाशय चाचपायचं. गावकरी हसत होते, मी वहीत नोंदी घेत होतो. पिशवी रिकामी आहे अशी खात्री झाली की सुई. दुपारपर्यंत पाच म्हशी झाल्या.

सहावी बबनची. कपाळावर पांढरा ठिपका, नाव चांदी. दावं धरून त्याची बायको यमुना उभी होती. चांदी रेडी असताना यमुनेबरोबर तिच्या माहेराहून आलेली, तिच्याच हातची वाढलेली.

"बगा ही बया," बबन म्हणाला. "माज न्हाई, दूध न्हाई. सुईनं काय झालं तर झालं, न्हाईतर येत्या बाजाराला कामशेतला नेतो. दलालाशी बोलून ठेवलंय."

दलालाकडे म्हणजे खाटकाकडे, हे सगळ्यांना ठाऊक. यमुनेनं दाव्याचा आणखी एक वेढा हाताला घेतला.

वसंताचा हात बधिर झाला होता, कढत पाणी संपलं होतं, चांदी लाथा झाडत होती. त्यानं विचारलं, "रेड्याकडे कधी नेली होती?"

"खंडोबाची आन, रेड्याचं तोंड बगितलं न्हाई तिनं! गावात रेडा एकच, त्यो आमच्या थोरल्या भावाचा. तीन वर्सं झाली, बांधावरनं बोलनं बंद हाय. त्येच्या दारात मी पाय ठेवत न्हाई."

वसंतानं क्षणभर माझ्याकडे पाहिलं. माझा उत्साह तर उतू चाललेला. मी म्हणालो, "चल, सहावी!" त्यानं कुपीची मान मोडली, पिचकारी भरली.

"डाक्टर," यमुना म्हणाली, "गाभन म्हशीला चालती का ही सुई?"

वसंताचा हात जागीच थांबला. "नाही. गाभडेल. का?"

यमुनेनं नवऱ्याकडे पाहिलं, मग दाव्याकडे. "दसऱ्याच्या आदल्या दिशी मी नेलती तिला. थोरल्या भावजींच्या रेड्याकडं."

"कुनाच्या?" बबन ओरडलाच.

"भावजी शेतावर गेलते. जाऊबाईंनी रेडा सोडून दिला."

तेवढ्यात दगडी गडग्यापलीकडून थोरल्याची बायको हिरा डोकावली. बहुधा मघापासून ऐकतच असावी. "अवो भावजी, डोळं काय वटारता? बोलनं तुमा दोगांचं बंद हाय, आमा बायकांचं न्हाई. आन रेड्याला तुमच्या बांधाचं काय ठावं?"

जमलेली माणसं हसून लोळायची बाकी राहिली. बबन तेवढा हसला नाही.

"पण ती माजावर आलेली तुम्हाला कळलं कसं?" वसंतानं विचारलं.

"पेंडीचं आंबोन म्होरं ठेवलं तरी तोंड लावंना. घडीघडी जरा जरा मुतायची. शेपटी अशी बाजूला धरायची. मुकी म्हून काय झालं? रोज शेन काढते मी तिचं."

यमुनेनंच पुन्हा पाणी तापवून आणलं. वसंतानं हात घातला. डोळे मिटले. मी आयुष्यात पुष्कळ निकाल वाचून दाखवले, पण असा श्वास रोखून कुठल्याच निकालाची वाट पाहिली नाही. हिरा गडग्यावर चढून बसली होती.

"आहे," वसंता म्हणाला. "तीन महिन्यांचं आहे."

यमुनेनं चांदीच्या मानेवर तोंड टेकलं. बबन उखळावर बसला. तिथूनच म्हणाला, "मला सांगायचं न्हाई व्हय?"

"सांगितलं असतं तर नेऊ दिली असती?"

बबन उठला, म्हशीभोवती एक फेरी मारली आणि कुणाकडेही न पाहता म्हणाला, "आजपासनं आंबोन वाढव हिचं."

वसंता मात्र पांढराफटक पडला होता. मला बाजूला घेऊन म्हणाला, "मामा, आधी हात घातला नाही मी." 'चल, सहावी' हे तर माझ्याच तोंडचं. त्यानं वहीत स्वतःच्या हातानं लिहिलं, 'सहावी कुपी वाया. चूक माझी.' मग संध्याकाळपर्यंत तो गावातल्या बायकांत बसून राहिला. म्हैस कशी उभी राहते, दूध कधी चोरते, रवंथ कधी सोडते, एकेक विचारून लिहीत गेला. एक म्हातारी म्हणाली, "आजवर कुनी इचारलंच न्हाई बाबा." वही भरली, तेव्हा त्याचे डोळे पुन्हा गाडीतल्यासारखे चमकू लागले.

तिसऱ्या दिवशी परतताना वाट वाकडी करून बेडशाची लेणी पाहिली. चढण अर्ध्या तासाची, पण छातीवर येते. टाक्यातलं पाणी गार. खांबांच्या माथ्यावर हत्ती, घोडे, बैल असे कोरलेत की आत्ता खाली उडी मारतील. वसंता सगळे खांब हिंडून आला. "मामा, इथंही म्हैस नाही!"

कामशेतहून पुढे लोणावळ्याला गेलो. ह्या टप्प्यात डाव्या खिडकीशी बसावं, विसापूर आणि लोहगड दोन्ही दिसतात. गावात शेंगदाण्यांची गुडदाणी घ्यावी, ताजी असली तर दातांना सुट्टी नाही. खंडाळ्याच्या कड्यावर संध्याकाळी थांबलो. कवितेत वाचलेलं सगळं समोर होतं, आणि माझ्या डोक्यात मात्र गडग्यावर बसलेली हिरा.

घरी आलो त्याला सात-आठ महिने झाले. डोंगर आठवतात, पण आता ते धूसर होत चाललेत. यमुनेचा 'चालती का' मात्र कानात तसाच आहे. तो प्रश्न विचारायला तिला किती धीर करावा लागला असेल, हे मला घरी आल्यावर कळलं.

श्रावणात वसंताचं पोस्टकार्ड आलं. तो पुन्हा गावात जाऊन आला होता. टोचलेल्या पाचांपैकी तीन माजावर आल्या, दोनच गाभण राहिल्या. वरच्या लोकांना कुप्यांपेक्षा बायकांच्या खुणांची वही जास्त आवडली. आणि चांदी व्यायली, रेडी झाली.

तिकडे रीत अशी, की म्हैस व्यायली की पहिल्या दुधाचा चीक रेडेवाल्याच्या घरी पोचवायचा. बबन स्वतः तांब्या घेऊन गेला, थोरल्याच्या ओट्यावर ठेवला आणि एक शब्द न बोलता परत आला. दुसऱ्या दिवशी तांब्या ह्याच्या ओट्यावर. भांडं रिकामं परत करू नये म्हणून त्यात आंबेमोहोर तांदूळ. मग बबननं त्यातून ताक धाडलं, थोरल्यानं काकड्या. तांब्या जातो-येतो, बोलणं अजून नाही.

शेवटी वसंतानं लिहिलंय, 'यमुनाबाई विचारतात, मुक्या म्हशीवर औषध निघालं, तर ह्या दोघा भावांवर एखादी कुपी न्हाई का? मामा, काय सांगू?'

कार्ड येऊन आठवडा झाला. उत्तराच्या कार्डावर मी अजून पत्ताच तेवढा लिहिलाय.