तीन गाठींची दोरी

सहलीच्या जागी पोचलं की माणसं आधी सावली शोधतात, नाहीतर फोटो काढतात. व्यंकोबाराव पिशवीतून दोरी काढत. काथ्याची, उन्हापाण्यानं काळवंडलेली, दोन्ही टोकं एकमेकांना बांधलेली, आणि ती गाठ धरून तिला सारख्या अंतरावर तीन गाठी. दोन गाठींवर दोन स्पीकर, तिसरीवर खुर्ची. दोरी तिन्ही बाजूंनी ताठ होईपर्यंत ते कुणाला डबा उघडू देत नसत. माझी बायको मेधा भुकेनं कासावीस झाली तरी उत्तर ठरलेलं, "त्रिकोण आधी, पोट मागून."

आमची पहिली भेट मात्र मला लाज वाटावी अशीच झाली. चेन्नईच्या शोळिंगनल्लूरला आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. मी नाशिकचा, नोकरी सिरुसेरीत, शेजारी कुणी ओळखीचं नाही. आमच्या लेकीच्या, सईच्या, पाचव्या वाढदिवसाला मी गच्चीवर ब्लूटूथचा डबा लावला होता, तोही असा की खालच्या रस्त्यावरचे रिक्षावाले मान वर करून बघत होते. तेवढ्यात पांढरी वेष्टी नेसलेले एक उंच, सडसडीत म्हातारे खालच्या मजल्यावरून जिना चढून आले. मी घाईघाईनं इंग्रजीतून माफी मागायला लागलो, तर ते मराठीत म्हणाले, "आवाज मोठा म्हून आलों नाही. खोटा आहे म्हून आलों. देवानं दोन कान दिले, तुम्ही एकासच जेवूं घालतां. दुसऱ्यानं काय पाप केलं?"

चेन्नईत असं मराठी ऐकून मी चाटच पडलो. ते तंजावरकडचे. कैक पिढ्यांपूर्वी तिकडे गेलेल्या मराठी घराण्यातले. 'सगळे'ला 'अस्के' म्हणत, आणि मधूनच तमिळमध्ये शिरत. आमच्या मराठीबद्दल त्यांचं मत काही फारसं बरं नव्हतं. "तुमची मराठी फार धांवते पा. कोंजम बसवा तिला, जरा बसवा," असं ते मेधाला म्हणत, आणि मेधा मुद्दाम आणखी भरभर बोले.

चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या कारखान्यात त्यांनी जन्मभर सुट्या भागांची मापं तपासली होती. केसाएवढा फरक निघाला तरी माल परत. निवृत्त झाल्यावर तोच खाक्या त्यांनी गाण्याला लावला. वीणेला वापरतात तसलं फणसाचं लाकूड आणून दोन स्पीकर स्वतः बनवले. एकेक असा जड की उचलताना माझे वाडवडील आठवत. पण ते घरात लावायचे नाहीत, असा त्यांचा हट्ट. "खोलीत भिंत मध्येंच बोलते. बाहेर भिंत नाही, म्हून लबाडीस जागा नाही." मुलगा परदेशात, पत्नी सुंदराबाई आम्ही येण्याआधीच गेलेल्या. त्यामुळे आम्ही तंबू घेऊन कुठे निघालो की व्यंकोबाराव, दोन स्पीकर आणि कॅसेटचा जुना डेक हे आमच्या कुटुंबातच धरलेले असत. सई त्यांना तात्ता म्हणे, तमिळमधले आजोबा.

त्यांच्या त्रिकोणाचे कायदे कडक होते. खुर्चीवर एकेकानं एकेक गाणं बसायचं, पहिला मान सगळ्यांत लहान माणसाचा. बाकीच्यांनी मागे चटईवर गप्प राहायचं. मी एकदा भजी खाता खाता खुर्चीत बसलो, तर मला उठवलं. "कुरकुर तुझ्या कानांत. वीणा कुठून शिरेल?" पण पहिल्यांदा नीट बसलो तेव्हा मी खरोखर हललो. समोर नुसतं माळरान, आणि त्या रिकाम्या हवेत डावीकडे मृदंग, उजवीकडे व्हायोलिन, मधोमध गाणारी बाई. हात लांबवला तर तिच्या पदराला लागेल इतकी जवळ. मी वळून पाहिलं तर म्हातारा माझ्याच तोंडाकडे बघत होता. त्याला गाण्यापेक्षा हेच बघायचं असे.

सगळ्यांत मोठा कायदा आवाजाचा. एकदा तळ्याकाठी शेजारच्या तंबूतल्या पोरांनी दणदणाट चालवला होता. मी म्हटलं, आपणही वाढवू या. ते म्हणाले, "आवाज वाडवूं नको. कुर्ची जवळ घे." त्यांनी खरंच अख्खा त्रिकोण आखडून लहान केला, दोरीला सारख्या मापाच्या दुमडी घालून. मग त्या पोरांकडे गेले. काय बोलले कोण जाणे, पण थोड्या वेळानं ती सगळी आमच्या खुर्चीसाठी रांग लावून उभी होती.

मग त्यांचा डावा कान जायला लागला. आधी आम्हाला वाटलं, म्हातारपणीचा हट्टीपणा, ऐकून न ऐकल्यासारखं करतात. मी तपासायला घेऊन गेलो. डॉक्टर म्हणाले, डाव्या कानाचे आता फार दिवस नाहीत, यंत्रानंही उपयोग होणार नाही. परत येताना इमारतीचं फाटक आलं तेव्हा म्हणाले, "एक टेप आहे. सुंदराची. कान आहे तंवर एकदां ऐकायची. बाहेर, पहाटे, दोन्हीं कानांनी."

ती टेप त्यांनी स्वतः केलेली. कुटुंबाच्या एका सहलीत, नारळीच्या तोप्पूत, म्हणजे बागेत, पहाटे, दोन माइक लावून. डावीकडे सुंदराबाई, उजवीकडे त्यांची धाकटी बहीण, दोघी चुलीवर कापी, म्हणजे कॉफी, ठेवून गाताहेत. गाणं संपल्यावर सुंदराबाई हलकेच एक वाक्य बोलतात, ते फक्त नवऱ्यासाठी. व्यंकोबारावांना ऐकायचं होतं ते तेच. त्या गेल्यापासून त्यांनी ती टेप एकदाही लावली नव्हती.

पुढच्याच शनिवारी आम्ही यलगिरीच्या डोंगरावर तंबू ठोकले. संध्याकाळीच त्यांनी दोरी ताणली, खुणा केल्या. पहाटे ते तोंड धुवायला गेले आणि मी शहाणपणा केला. सुंदराबाई डावीकडे, आणि कान गेलेला तोही डावाच. म्हातारबाबांना त्यांचा आवाज पोचलाच नाही तर? मी डेकमागच्या दोन्ही वायरी उलट लावल्या. आता सुंदराबाई चांगल्या कानाकडून येतील. मेधा म्हणाली, "नको रे." मी तिला गप्प केलं.

पहिला मान सईचा. टेप सुरू झाली. चुलीतलं लाकूड तडतडलं, भांडं वाजलं, दोघी गायला लागल्या. आणि सई खुर्चीतून ओरडली, "तात्ता, पाट्टी आज उजवीकडे बसलीये!" त्यांनी तिला हजारदा सांगितलं होतं, पाट्टी, म्हणजे आजी, डावीकडे, जाड आवाज तिचा, लक्षात ठेव.

व्यंकोबारावांनी टेप थांबवली. माझ्याकडे पाहिलं. मी जीभ चावली, पण उशीर झाला होता.

"तूं केलंस?"

"हो. मला वाटलं, तुम्हाला नीट ऐकू येईल..."

"चाळीस वर्सं ती माझ्या डावे हातास बसली. माझा कान गेला म्हून तिनं जागा सोडायची?" आवाज चढला नव्हता, तरी मला मान वर करवेना. "मज दया नको पा. माप हवं. वायर फिरव."

मी वायरी पुन्हा होत्या तशा लावल्या. ते खुर्चीवर बसले, टेप मागे नेली, डोळे मिटले. गाणं सुरू झालं. आम्हाला चटईवरूनही स्वच्छ ऐकू येत होतं. त्यांच्या कपाळावर मात्र आठी पडली. मान एकदा इकडे झाली, एकदा तिकडे. धाकटी बहीण येत होती, सुंदराबाई येत नव्हत्या. मला राहवेना, मी बटणाकडे हात नेला. त्यांनी डोळे न उघडता नकाराचं बोट हलवलं.

मग ते उठले. खुर्ची उचलली, आणि जन्मात प्रथमच त्रिकोण मोडला. दोरी ओलांडून खुर्ची डाव्या स्पीकरपाशी नेली, अगदी खेटून ठेवली, आणि डावा कान त्याच्या कापडाला लावून बसले. गाणं संपलं. टेपवर नुसती पाखरं राहिली. आणि मग ते वाक्य आलं, "पुरे की वो, कापी निवते."

"आलों," व्यंकोबाराव म्हणाले. "आलों, आलों."

मेधा तोंड फिरवून स्टोव्ह पेटवायला लागली. मी रडलो, हे सांगायला मला संकोच नाही. त्या दिवशी वायरीबद्दल ते पुन्हा काही बोलले नाहीत. कॉफी मात्र पहिल्यांदा मला दिली.

पावसाळ्याआधी तो कान पुरता गेला. ते पुढचं दीड वर्ष आमच्याबरोबर येत राहिले, एका कानानं खुर्चीवर बसत, मापं चुकली की ओरडत. एका दुपारी झोपेतच गेले. मुलगा आला होता, त्यानं स्पीकर आणि दोरी सईला दिली. परवा आम्ही पुन्हा यलगिरीला गेलो. आता अकरा वर्षांची झालेली सई दोरी ताणत होती आणि मध्येच थांबली. "बाबा, गाठी चार आहेत." डाव्या स्पीकरच्या गाठीपासून वीतभर अंतरावर आणखी एक गाठ होती. बारीक, घट्ट, त्यांच्याच हातची. ती त्यांनी कधी मारली, आम्हाला कळलं नव्हतं.

आता आम्ही तिथेही एक खुर्ची मांडतो. आवाज वाढवत नाही.