घरमालकीणबाईंची खुर्ची

मी एकदा समुद्राच्या वाटेत चूल मांडली होती. चुकून नव्हे. नीट जागा पाहून, वाऱ्याची दिशा पाहून आणि दोन शहाण्या बायकांना गप्प बसवून मांडली होती. त्या वेळी मी इंग्लंडात मृदाशास्त्र, म्हणजे मातीचं शास्त्र, शिकत होते. पायाखालची वाळू ओली का आहे, एवढा साधा प्रश्न मला पडला नाही. तरी विद्यापीठानं पुढं मला पदवी दिली, ही त्यांची थोरवी.

मी तेवीस वर्षांची होते. गिरणाकाठच्या भडगावची, धुळ्याला शेतकी शिकलेली, शिष्यवृत्तीवर गेलेली, त्यामुळे अंगात शिंगं फुटलेली. एका घराच्या वरच्या मजल्यावर आम्ही तिघी राहायचो. एक लुधियानाची, तिचा आवाज रस्त्यापलीकडे ऐकू जायचा. दुसरी नैरोबीत जन्मलेली गुजराती, तिचा आवाज शेजारच्या खुर्चीवरही ऐकू यायचा नाही. खाली घरमालकीणबाई. साठी ओलांडलेल्या, एकट्या, उंच आणि सरळ. बोलणं इतकं कमी की 'गुड मॉर्निंग'मधलं 'गुड' बऱ्याचदा गाळायच्या. मी इथं त्यांचं बोलणं मराठीत लिहितेय. त्यांची तक्रार यायची आता शक्यता नाही.

त्यांच्या स्वयंपाकघरात मी गॅसवर वांगं भाजायला ठेवलं. भाजायच्या वांग्याला आधी टोचे मारायचे असतात, हे आमच्याकडे सात वर्षांच्या पोरीला ठाऊक असतं. मी मृदाशास्त्रज्ञ. वांगं फुटलं. अर्धं पांढऱ्याशुभ्र छतावर, थोडं पडद्यावर, बाकीचं बाईंच्या चष्म्यावर. वर मिरच्या आणि लसणाचा ठसका घरभर. बाईंनी चष्मा पुसला, परत घातला आणि म्हणाल्या, "महिनाअखेरपर्यंत तुम्ही दुसरी खोली पाहावी."

तुम्ही म्हणजे मी एकटी. मिळत होती ती खोली शहराच्या पार दुसऱ्या टोकाला होती, आणि तिथं आजूबाजूला ओळखीचं कुणी नव्हतं. आमच्या घरात मी कधी एका खोलीत एकटी झोपलेसुद्धा नव्हते. पण तोंडानं काय म्हणायचे? "बरं झालं, अभ्यास होईल." रात्री उशी ओली, सकाळी हा रुबाब.

दर सप्टेंबरात बाई शनिवार-रविवारी समुद्रकाठच्या एका गावी बहिणीकडे जायच्या. नैरोबीवालीनं हळूच विचारलं, आम्हीही येऊ का? बाई "या" म्हणाल्या. आमच्या तिघींच्या सुट्टीचा प्रश्न सुटला आणि माझ्या डोक्यात बेत शिजायला लागला.

"भरीत पार्टी!" मी जाहीर केलं. "वांग्यानं घालवलंय, वांगंच परत आणील."

"तू पागल है," लुधियानावाली म्हणाली आणि लगेच वांगी आणायला निघाली. अशी मैत्रीण असावी.

खानदेशात थंडी पडली की शेतात भरताचे बेत होतात. कपाशीच्या वाळक्या काड्या पेटवायच्या, त्यावर यावलकडची पांढरट हिरवी, तान्ह्या पोराएवढी वांगी भाजायची, लाकडी बडगीत मिरची-लसणासोबत ठेचायची. त्या जाळावर कुणाचं कितीही जुनं भांडण असो, पहिल्या घासाला मिटतं. मी वादी-प्रतिवादी एकाच पानावर जेवताना पाहिलेत. बाईंना एकदा उघड्यावर, छत-पडदे काही नसलेल्या जागी भरीत खिलवलं की खोली माझी, असा हिशेब.

शनिवारी संध्याकाळी आम्ही पोहोचलो तेव्हा समुद्र गावाच्या दगडी बांधाला धडका देत होता. मी समुद्र पहिल्यांदाच पाहत होते. छान वाटला, पण मी तसं दाखवलं नाही. "आमच्या गिरणेलाही पुरात असंच पाणी असतं," म्हणाले. खोटं. गिरणेनं मला माफ करावं.

रविवारी सकाळी पाहते तो काय, पाणी पार लांब गेलेलं! बांधापासून अर्धा मैल नुसती वाळू. माझं डोकं झरझर चाललं. पूर ओसरला. लहानपणी गिरणेचा पूर ओसरला की माझी काकू पदर खोचून नदीत उतरायची आणि म्हणायची, "पानी उतरनं, आते वाळू आपली शे." मग पुढचा पाऊस होईपर्यंत वाळू खरंच आमची. तिथं आम्ही कलिंगडं लावायचो, गाई बांधायचो, लग्नाच्या पंगतीसुद्धा बसवायचो. मी आभाळाकडे पाहिलं. ढग नाही. वर कुठं पाऊस नाही, मग पाणी येणार कुठून?

भरती-ओहोटी मी शिकलेच नव्हते असं नाही. शाळेत भूगोलाच्या पेपरात चंद्राची आकृती काढून पाचपैकी पाच गुण घेतले होते. पण ते पेपरात लिहायचं असतं. चूल मांडताना चंद्राची आठवण कुणाला येते?

बाईंनी बांधाजवळच्या गोट्यांच्या उंच ढिगाकडे काठी दाखवली. "इथं बसू या."

"नको नको," मी म्हणाले, "इथं वारा लागतो, जाळ धरणार नाही. खाली सपाट आहे. हात धुवायला खळग्यांत पाणीही आहे."

"वाळू जरा ओली वाटते," नैरोबीवाली पुटपुटली.

"दव आहे," मी.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "तुमची मर्जी," म्हणाल्या.

खाली उतरून, गोट्यांपासून चाळीसेक पावलांवर, मी खड्डा केला. कपाशीच्या काड्या नव्हत्या, वाहून आलेली लाकडं आणि कुंपणाची वाळकी झुडपं होती. सहा जांभळी वांगी, या वेळी प्रत्येकाला दहा-दहा टोचे मारलेली. बडगीच्या जागी बाईंच्या बहिणीचं लाकडी सॅलडचं भांडं, तेही न विचारता आणलेलं. माझ्या अंगात स्वेटर, स्वेटरवर साडी खोचलेली, डोक्याला मफलर. पंधरा पावलांवर बाई घडीच्या खुर्चीत, थर्मासमधला चहा पीत, समुद्राकडे तोंड करून. मी मात्र पाठ समुद्राकडे आणि तोंड त्यांच्याकडे करून बसले. मला त्यांचा चेहरा वाचायचा होता ना!

वांगी जाळावर ठेवली. साल तडकायला लागलं, सुवास सुटला. बाई उठल्या, खुर्ची उचलली, दहा पावलं मागं गेल्या, बसल्या.

मी मैत्रिणींकडे वळले. "वास सहन होत नाहीये त्यांना."

"मरचां ओछां नाख," नैरोबीवाली म्हणाली, मिरच्या कमी कर. मी अर्ध्या मिरच्या बाजूला काढल्या. धूर त्यांच्या दिशेनं जातोय म्हणून पदरानं हाकत बसले, जसं काही माशा.

पाच मिनिटांनी बाई पुन्हा उठल्या. खुर्ची आणखी मागं.

"ओये, बुढिया फिर पीछे गई!" लुधियानावाली ओरडली.

मी लसूण काढून टाकला. सगळा. खानदेशी बाईनं भरतातला लसूण काढावा म्हणजे काय, हे ज्याला कळतं त्यालाच त्या दिवशीची माझी अवस्था कळेल. एका खोलीसाठी मी धर्म बुडवला होता.

बाई तिसऱ्यांदा उठल्या. या वेळी खुर्ची पार त्या उंच गोट्यांवर नेऊन ठेवली आणि आमच्याकडे पाहत राहिल्या. एकदा हातही हलवला. मला वाटलं, जा म्हणतायत.

मग मात्र माझा तोल गेला. मी उठले. तरातरा चालत त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि भाषण दिलं. ते भाषण मला अजून पाठ आहे, कारण त्यानंतर कित्येक वर्षं ते आठवून मी एकटीच पांघरुणात तोंड लपवलंय. मी म्हणाले, "बाई, तुम्हाला आमच्या जेवणाचा इतका तिटकारा असेल तर स्पष्ट सांगा. खुर्ची मागं मागं काय घेता? आमच्याकडे पाहुण्याला जेवण आवडलं नाही तरी तो पानावरून असा पळत नाही! मी मिरची काढली. लसूण काढला. आता वांगंही काढू का? मला त्या दुसऱ्या खोलीत राहायचं नाहीये! मला तिथं भीती वाटते!"

शेवटचं वाक्य बोलायचं ठरलं नव्हतं. ते आपलं आपण बाहेर आलं. आणि ते बाहेर यायला अन् माझ्या पाठीमागं 'फस्स' व्हायला एकच गाठ.

मी वळले. चूल नव्हती. चुलीच्या जागी वाफ होती आणि तिच्याखाली समुद्र. वांगी एकामागोमाग एक, बदकांच्या पिल्लांसारखी, समुद्राच्या वाटेला लागली होती. लुधियानावाली चपला हातात घेऊन किंचाळत होती. नैरोबीवाली, जिनं दोन वर्षांत कधी आवाज चढवला नव्हता, ती घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहून मोठ्यांदा म्हणाली, "दव आहे म्हणे, दव!"

मी धावले. साडी पाण्यानं जड झाली, मफलर सुटला. एक वांगं धरलं, ते भाजलेलं, हातातच सुटलं. दुसरं धरलं, तोवर तिसरं लांब गेलं. सॅलडचं भांडं होडीसारखं डौलात निघालं होतं. तेवढ्यात शेजारून एक काठी आली, भांड्याच्या कडेला अडकली आणि भांडं मागं ओढलं गेलं. बाई. बूट-मोजे बांधावर काढून ठेवलेले, स्कर्ट एका हातात गुडघ्यावर धरलेला, पाण्यात सरळ उभ्या. त्यांनी भांड्यानं माझी दोन वांगी उपसून घेतली, शेतकरी आळ्यातून पाणी काढतो तितक्या सहज.

एकूण तीन वांगी हाती लागली. तीन समुद्रानं ठेवून घेतली, त्याच्या जागेचं भाडं म्हणून असेल.

आम्ही चौघी गोट्यांवर बसलो, माझी साडी ठिबकत. मी वांगी ठेचली. मीठ घालावं लागलं नाही. लसूण आणि मिरच्या नैरोबीवालीनं कधी परत टाकल्या मला कळलंच नाही. बाईंनी पावाला लावून पहिला घास खाल्ला. डोळ्यांत पाणी आलं, नाक लाल झालं. थर्मासचा चहा प्यायल्या. दुसरा घास खाल्ला.

शेवटी मीच विचारलं, "पाणी येणार हे तुम्हाला माहीत होतं?"

"माझा जन्म त्या घरातला," त्यांनी बांधामागच्या निळ्या दाराकडे बोट केलं. "माझे वडील मासेमार."

"मग सांगायचं नाही का!"

त्यांनी माझ्याकडे खऱ्याखुऱ्या नवलानं पाहिलं. "मी तीनदा खुर्ची मागं घेतली," त्या म्हणाल्या. "तिसऱ्यांदा हातही केला." त्यांच्या मते एवढं म्हणजे आरडाओरडा झाला होता.

हे मी घरी सांगते तेव्हा माझी पुण्यातली नात म्हणते, आजी, हल्ली मोबाईलवर भरतीची वेळ दिसते. बये, मोबाईल असता तरी मी तो त्या खड्ड्याशेजारीच ठेवला असता. ज्या पोरीला वाटतं तिला सगळं येतं, तिला कुठलं यंत्र काय सांगणार? समोर कोळ्याची लेक खुर्ची उचलून उचलून सांगत होती, तर ती लसूण काढत बसली!

खोलीचं काय, हे विचारायचं माझ्यात धाडस उरलं नव्हतं. संध्याकाळी परतीच्या बसमध्ये बाई माझ्या शेजारी बसल्या. साडीला समुद्राचा आणि धुराचा असा काही वास होता की पुढच्या रांगेतला माणूस उठून मागं गेला. बाई खिडकीबाहेर पाहत होत्या. मग माझ्याकडे न पाहताच म्हणाल्या, "कुठं जायचं नाही. आणि पुढच्या वेळी वांगी माझ्याच स्वयंपाकघरात भाजा. छत पुसता येतं, तिथं पाणी फक्त नळाला येतं."