रुक्मिणीबाई आणि ओटोरायनोलॅरिंगॉलॉजी

लिंबायतची रुक्मिणी अकरा वर्षं भेस्तानच्या एका दवाखान्यात फरशी पुसत होती. माइकवर पेशंट पुकारणारी मुलगी लग्न होऊन गेली, तेव्हा दवाखान्याचा कारभार बघणाऱ्या अर्चना मॅडमना रुक्मिणीचा खणखणीत आवाज आठवला. "सोमवारी बसून बघा, रुक्मिणीबाई. जमलं तर जागा तुमची, नाहीतर आहेच फरशी." झालं! बाईच्या तोंडचं पाणी पळालं.

अडचण होती खोली नंबर सातची. तिथल्या नव्या डॉक्टरांचा हट्ट, की खात्याचं पुरं नाव पुकारायचं: ओटोरायनोलॅरिंगॉलॉजी.

"वं माय! हाई काय शे?"

मॅडम हसल्या. "घाबरता कशाला? तुकडे करा. ओटो म्हणजे कान, रायनो नाक, लॅरिंगो घसा, आणि शेवटी लॉजी, म्हणजे शास्त्र. सगळे ग्रीक तुकडे, एकापुढे एक जोडलेत. एका दमात म्हणताना जोर फक्त 'गॉ'वर द्यायचा."

"मग सरळ कान-नाक-घसा म्हणायला काय धाड भरली होती यांना?"

आता पाठांतर म्हणाल, तर रुक्मिणीला एकच ठाऊक, उखाणा. हळदीकुंकवाला तिचा उखाणा ऐकायला अख्खी गल्ली जमायची. एरवी बावीस वर्षांत तिनं नवऱ्याचं नाव रेशनच्या दुकानातसुद्धा घेतलं नव्हतं. भाकरी थापता थापता तिनं जुळवलं:

"ओटो कान, रायनो नाक, लॅरिंगो म्हणजे घसा,
सुपडूरावांशी संसार केला, जमला तसा!"

सोमवारी हॉल गच्च भरलेला. रुक्मिणीनं माइक तोंडाशी ओढला. "काशिनाथभाई, खोली नंबर सात, ओटो-रायनो-लॅरिं-गॉ-लॉजी!" जोर अगदी जागेवर पडला. पण त्या आनंदात जीभ थांबेल तर ना! सुपडूरावांसकट सगळा उखाणा दवाखानाभर घुमला.

बायकांनी टाळ्या पिटल्या. रुक्मिणीला मात्र रडूच कोसळलं. गेली जागा!

तेवढ्यात काशिनाथभाई कानावर हात ठेवून उठले आणि थेट सातकडे निघाले. त्यांच्यामागे घसा धरलेली एक बाई, मग नाक चोंदलेले दोघं. रोज "सातमध्ये काय बघतात?" विचारून लोक मॅडमचं डोकं उठवायचे. आज कुणी विचारायला आलंच नाही.

मॅडमनी हसू आवरत माइक पुन्हा तिच्यापुढे सरकवला.

"उद्यापासून इथं तुम्हीच. फक्त सुपडूरावांना घरी ठेवून या."