भावोजींची सहा यंत्रं

आमच्या भावोजींइतका हुकूम सोडायला घाबरणारा माणूस उभ्या रत्नागिरी जिल्ह्यात सापडायचा नाही. भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या ताईचे यजमान. पेशाने इंजिनियर, आणि काम असं की परग्रहावर मिळून बांधकाम करतील असे यंत्रमानव घडवायचे. पृथ्वीवरून हुकूम पोचेपर्यंत तिकडे काम बिघडलेलं असणार, तेव्हा यंत्रांनी आपसांतच समजून घ्यायला हवं, हा त्यांचा सिद्धांत. त्यासाठी ते बंगळूर सोडून पूर्णगडजवळ राहायला आले, कारण तिथला कातळाचा सडा, म्हणजे उघडं खडकाळ पठार, त्यांना थेट मंगळासारखा वाटला. "असेल. उन्हाळ्यात पाणीही तितकंच असतं," ताई म्हणाली.

हा सिद्धांत ते घरातही चालवत. चहा हवा असला तरी मागायचे नाहीत. रिकामा कप ओट्यावर ठेवून "घराला कळायला हवं" म्हणत उभे राहायचे. घराला, म्हणजे ताईला, लगेच कळायचं. पण ती मुद्दाम कळून घ्यायची नाही. माझ्या साखरपुड्यात पंगतीची व्यवस्था त्यांच्याकडे होती. आठ वाढप्यांना त्यांनी एकच नियम सांगितला: जे संपलेलं दिसेल ते वाढा. सोलकढीच्या वाट्या सगळ्यांत आधी रिकाम्या झाल्या, तेव्हा आठही जण सोलकढी घेऊन धावले. माझे होणारे सासरे वरणाची वाट पाहत चार वाट्या सोलकढी प्याले. भावोजी कोपऱ्यात उभे राहून वहीत लिहीत होते, 'सगळ्यांना वाटी दिसली. एकमेकं दिसली नाहीत.'

यंत्रांचंही तेच चाललं होतं. चाकांवर फिरणारी, खेकड्यासारख्या हातांची ती सहा यंत्रं एकेकटी हुशार. पण सहा जणांनी मिळून एक लांब खांब उचलायचा म्हटलं की लगेच भाऊबंदकी. खांब वाकायचा आणि भावोजी जेवायचे नाहीत.

एका सकाळी किनाऱ्यावर रापण लागली होती. पाण्यातलं लांबलचक जाळं पन्नासेक माणसं दोरांनी ओढत होती. भावोजींनी दोर धरला, तो आठ दिवस सोडला नाही. हाताला फोड आले. शेवटी त्यांनी एका म्हाताऱ्या रापणकराला विचारलं, "कधी जोर लावायचा, कधी सैल सोडायचं, हे सांगतं कोण?"

"सांगायचा कोनी कशाला?" म्हातारा म्हणाला. "दोर हाताला सांगतो ना."

भावोजी तसेच ओल्या लेंग्यानिशी घरी धावले. पुढचे तीन महिने त्यांनी यंत्रांची आपसांतली बडबड कमी केली आणि त्यांच्या हातांना भार ओळखायला शिकवलं.

मग बंगळूरहून या कामाला पैसा पुरवणारे पाहुणे आले. काम पुढे चालवायचं की बंद करायचं, हे त्या दिवशी ठरणार होतं. सहा यंत्रांनी खांब उचलला, चार हात नेला, आणि एकाचं चाक कातळाच्या भेगेत अडकलं. बाकीची पाच थबकली. "अहो, सांगा ना त्यांना काहीतरी," एक पाहुणे म्हणाले. भावोजींनी दोन्ही हात खिशात घातले. ताईने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की तिची बांगडी मला रुतली.

थोड्या वेळाने एक यंत्र अडकलेल्याच्या वाट्याचा भार घ्यायला सावकाश सरकलं. दुसरं जरा मागे झालं. खांब डगमगला, सावरला, आणि पाचांनी तो नेऊन कातळात खोदलेल्या खाचेत उभा केला. ताई टाळ्या वाजवत होती. भावोजी मात्र कातळावर बसून भेगेतलं चाक सोडवत होते.

काम मंजूर झालं. पुढच्या चाचण्यांसाठी सहाही यंत्रं ट्रकने पालीमार्गे बंगळूरला गेली. त्यांना आता चालवायला कोणी लागत नव्हतं, त्यामुळे भावोजींना बोलावण्याचं काही कारण उरलं नव्हतं. मध्यंतरी मी गेलो तेव्हा पावसाने सडा हिरवा झाला होता. ते त्या उभ्या खांबाला टेकून समुद्राकडे पाहत होते.

"आठवण येते?" मी विचारलं.

"सगळं शिकवलं रे," ते म्हणाले. "घरी कळवत जा, एवढं शिकवायचं राहून गेलं."

पावसाची सर आली, तशी मागून आलेल्या ताईने न मागताच त्यांच्या डोक्यावर छत्री धरली.